हंगामाआधी जुन्या गिऱ्हाइकांना पत्रं पाठवली, त्याचा अनुभव

डोंबिवलीत आमचं मसाला कांडपाचं दुकान आहे. सासऱ्यांनी घातलेलं, आता सासूबाई आणि मी बघतो. तीन डंक (मसाला कुटायची यंत्रं), एक चक्की, भाजायला मोठ्या कढया आणि पुढच्या बाजूला मिरची व खड्या मसाल्याची विक्री. फेब्रुवारीच्या शेवटापासून मे संपेपर्यंत जो धंदा होतो त्यावर वर्ष निघतं. पावसाळ्यात हळद आणि गरम मसाला, दिवाळीआधी चकलीची भाजणी, एवढंच. म्हणजे आमचं गिऱ्हाईक वर्षातून एकदाच येणारं. ते दुसरीकडे वळलं, तर वळलंय हे कळायलाच पुढचा उन्हाळा उजाडावा लागतो.

२०२५ च्या हंगामाआधी आम्ही या जुन्या गिऱ्हाइकांना टपालाने पत्रं पाठवली. हे करायचं ठरवलं तेव्हा पोस्टात नेमकं काय विचारायचं, छापायचं की हाताने लिहायचं, खर्च किती येईल, यातलं काहीच एका जागी सापडेना. एखाद्या छोट्या दुकानदाराला असं काही करावंसं वाटत असेल तर त्याला उपयोगी पडेल म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

सुरुवात दिवाळीनंतर, नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. वर्षाचा हिशेब लावताना दिसलं की मसाल्याचे डबे जवळजवळ तेवढेच आहेत, पण किलो कमी झालेत. नवीन माणसं येतायत, टॉवरमधली, दोघं-तिघं राहणारी, एक-दीड किलोवाली. पाच-सहा किलो करणारी जुनी घरं गळतायत. त्यांचं काय झालं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. काही गाव सोडून गेली असतील, काही पाकिटाच्या मसाल्यावर गेली असतील, काहींना नुसती आठवण करून द्यायला हवी असेल. हे शोधून काढायचं असं मी आणि सासूबाईंनी ठरवलं.

आमच्याकडे एक गोष्ट होती, तिची किंमत मला तोवर नीट कळली नव्हती. सासूबाईंच्या लांब वह्या. गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं की त्या त्याचं एक पान काढतात. वर नाव, बिल्डिंग, फोन. खाली मसाल्याचं प्रमाण: किलोला बेडगी किती, संकेश्वरी किती, रंगाला काश्मिरी किती, धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेसर, मायपत्री, चक्रीफूल, हळकुंड, हिंग. आणि शेवटी त्यांच्या बारीक अक्षरातले शेरे. ‘खसखस नको.’ ‘दगडफूल दुप्पट.’ ‘अर्धा किलो वेगळा, लेक पुण्याला.’ पानांच्या कडा मिरचीच्या बोटांनी लाल झालेल्या, हळदीचे डाग, कुठे तेलाचं वर्तुळ. कोकणातली घरं, घाटावरची घरं, आगरी घरं, प्रत्येकाचा मसाला वेगळा, आणि प्रत्येकाचा आमच्याकडे लिहिलेला. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी येऊन ‘नेहमीचाच’ म्हणालं की पान उघडायचं आणि तोलायला लागायचं.

आधी अर्थातच व्हॉट्सॲपचा विचार केला. तिथे ब्रॉडकास्ट यादीत २५६ नावंच बसतात आणि ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केलाय त्यालाच निरोप पोचतो. चार वर्षांपूर्वी आलेल्या काकूंनी मसालेवाल्याचा नंबर कशाला ठेवला असेल? शिवाय जुन्या पानांवर लँडलाइनचे नंबर. एकगठ्ठा एसएमएस पाठवायचा तर ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांप्रमाणे डीएलटी नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेत दुकानाची नोंदणी, मग निरोपावर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव (हेडर), मग मजकुराचा नमुना मंजूर करून घेणं, असं सगळं आहे. ते करता येतं, करणारे करतात. पण एवढं करून पोचणार काय, तर बँका आणि कर्जवाल्यांच्या निरोपांच्या रांगेत आणखी एक ओळ. घराचे पत्ते आमच्याकडे होते, तेव्हा टपालच बरं असं ठरलं.

डिसेंबर सगळा यादी करण्यात गेला, आणि खरं कष्टाचं काम हेच. संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर सासूबाई पान वाचायच्या आणि मी एक्सेलमध्ये चढवायची. रकाने असे ठेवले: घरचं नाव, पत्ता, पिन, शेवटचं कोणत्या वर्षी आले, किती किलो, वहीचा आणि पानाचा क्रमांक, शेरा. एकाच घराची दोन पानं निघायची, एक सासूच्या नावाने, एक सुनेच्या. ती जुळवायला सासूबाईंची स्मरणशक्तीच कामाला आली, संगणकाला ते कळलं नसतं. शेवटी सातशेच्या आसपास घरं उरली.

यादी करतानाच माझ्या मनात एक प्रश्न होता: लोकांनी पत्ता डबा पोचवण्यासाठी दिला होता, पत्र पाठवण्यासाठी नाही. २०२३ साली वैयक्तिक विदेच्या (डेटाच्या) संरक्षणाचा कायदा झाला आहे, आणि कागदावरची माहिती संगणकात चढवली की तीही त्याच्या कक्षेत येते. कायद्याचं बाजूला ठेवलं तरी न विचारता घरात पत्र टाकणं आम्हालाच बरं वाटेना. म्हणून जे गेल्या दोन हंगामांत आले होते त्यांना फोन करून विचारलं, आणि ज्यांचे फोन लागत नव्हते त्यांच्या पत्रात शेवटी एक ओळ घातली: ‘पुन्हा पत्र नको असेल तर तसं कळवा, नाव काढून टाकू.’ काहींनी तसं कळवलं. नावं काढली. हा रकाना पहिल्यापासूनच ठेवा, मागाहून घालणं जिवावर येतं.

पिनकोडला वेळ द्या असं मी आवर्जून सांगेन. आमच्या वह्यांत बहुतेकांनी नुसतं ‘डोंबिवली पूर्व’ किंवा ‘प.’ लिहिलेलं. पूर्वेचा ४२१२०१, पश्चिमेकडे विष्णुनगरचा ४२१२०२, पलावाचा ४२१२०४. ठाणे, बदलापूर, पुण्याला गेलेल्यांचे आणखी वेगळे. सहा आकड्यांतला पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन नेमकं वाटपाचं पोस्ट. पिन चुकला तर पत्र दुसऱ्याच पोस्टात जाऊन फिरून येतं. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, संस्कृतचे कवी. यादी करताना हे वाचलं आणि त्या सहा आकड्यांकडे जरा आदराने बघायला लागले. भारतीय टपाल खात्याच्या संकेतस्थळावर पोस्टाच्या नावाने पिन शोधता येतो.

जानेवारीत, नववर्षाची गर्दी ओसरल्यावर, पोस्टात गेले. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच गेलं की काउंटरवर शांतपणे बोलता येतं. तिथल्या बाईंनी मला सगळं समजावून सांगितलं, आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, “ताई, हाताने लिहिणार की छापून घेणार?”

मी विचारलं, त्याने काय फरक पडतो?

“हाताने लिहिलंत तर पन्नास पैशांचं कार्ड. मजकूर छापलात तर सहा रुपये.”

हे मला अजिबात माहीत नव्हतं, आणि माझ्या ओळखीच्या कुणालाच माहीत नव्हतं. साधं पोस्टकार्ड ५० पैशांना मिळतं, पण त्यावरचा मजकूर छापलेला असेल तर ते ‘छापील पोस्टकार्ड’ धरलं जातं आणि त्याला ६ रुपये लागतात. ५० पैशांच्या कार्डावर छापून तसंच पेटीत टाकलं तर ते बैरंग होतं, आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून मागितले जातात. म्हणजे जुन्या गिऱ्हाइकाला आपण प्रेमाने पत्र पाठवायचं आणि पोस्टमनने त्याच्याकडे अकरा रुपये मागायचे! बाई हे बोलल्या नसत्या तर छापखान्यात माझी ऑर्डर गेलीच होती. पत्त्याच्या बाजूला जाहिरात असलेलं ‘मेघदूत’ कार्ड २००२ मध्ये २५ पैशांना सुरू झालं होतं. पण ते आमच्या पोस्टात तेव्हा शिल्लक नव्हतं.

बाईंनी आणखी दोन पर्याय दाखवले. एक ‘डायरेक्ट पोस्ट’. यात पत्रकांवर पत्ता नसतो. तुम्ही भाग सांगता आणि पोस्टमन त्या भागात घरोघरी टाकतो. एका वेळी किमान हजार पत्रकं द्यावी लागतात. नवीन दुकान उघडणाऱ्याला, नव्या वस्तीत ओळख करून द्यायची असेल तर हे उत्तम आहे. आम्हाला मात्र ओळखीच्याच माणसांकडे जायचं होतं. दुसरा ‘बिझनेस रिप्लाय’. पत्रासोबत उत्तराचं कार्ड द्यायचं, त्याला गिऱ्हाइकाने तिकीट लावायचं नाही, परत आलेल्या प्रत्येक कार्डाचे पैसे आपण भरायचे. त्याला आधी परवाना काढावा लागतो. डबा किती वाजता आणू, हे विचारायला आमची गिऱ्हाइकं फोनच करणार, म्हणून ते सोडलं.

पोस्टकार्डं हवी तेवढी एकदम मिळत नाहीत. छोट्या पोस्टात शंभर-दीडशे असतात, तीही कधी संपलेली. आम्हाला साडेतीनशे हवी होती. बाईंनी मागणी लिहून घेतली आणि मुख्य पोस्टातून आल्यावर फोन करते म्हणाल्या. फोन दोन आठवड्यांनी, संक्रांत उलटून बरेच दिवस झाल्यावर आला. तोवर पाकिटांचं काम हातात घेतलं.

पाकिटं का, तर प्रमाणासाठी. आमच्या डोक्यात आलं होतं की प्रत्येक घराला त्यांच्या मसाल्याचं वहीतलं प्रमाण लिहून पाठवायचं. गिऱ्हाईक टिकवायचं म्हणजे सूट, कुपन, भेटवस्तू असं बरंच सांगतात. आमच्याकडे त्यांची स्वतःची वस्तू होती, ती त्यांना दाखवायची एवढंच. पण सासूबाईंनी लगेच अडवलं. घरचा मसाला म्हणजे काही घरांत जावेलासुद्धा न सांगितलेलं प्रमाण. ते उघड्या कार्डावर लिहून चार हातांतून कसं पाठवायचं? त्यांचं म्हणणं एकदम रास्त होतं. म्हणून प्रमाण बंद पाकिटात, आणि नुसती आठवण पोस्टकार्डावर, अशी विभागणी केली. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांचं तिकीट लागतं. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅमचा) ए-फोर कागद बरोबर ५ ग्रॅमचा असतो, पाकीट धरूनही वजन मर्यादेच्या खूप आत राहतं. तिकिटांचे पूर्ण ताव घ्या, सुटी तिकिटं मोजत बसू नका, आणि वाटीत ओला स्पंज ठेवा.

कुणाला काय पाठवायचं ते असं ठरवलं. गेल्या हंगामात येऊन गेलेल्यांना पोस्टकार्ड, कारण त्यांना नुसती तारीख कळली तरी पुरे. दोन ते पाच वर्षं न आलेल्यांचे दोन भाग केले: निम्म्यांना पोस्टकार्ड, निम्म्यांना प्रमाणाचं पाकीट. काहीही जास्त शहाणपण नाही यात, फक्त पुढच्या वर्षी पैसे कशावर घालायचे ते कळावं म्हणून. कोपऱ्यात पेन्सिलीने ‘का’ आणि ‘पा’ अशी खूण केली आणि तीच खूण यादीत. पाच वर्षांहून जुन्यांना यंदा हात लावला नाही.

पत्रं लिहायला आमच्या घरचं सगळं माणूस बसलं. मजकूर सासूबाईंनी सांगितला. मी आधी जरा जाहिरातीच्या भाषेत लिहिलं होतं, ‘आमच्या मान्यवर ग्राहकांसाठी’ वगैरे. त्या म्हणाल्या, आपण त्या बाईला तोंडावर असं बोलू का? मग असं ठरलं:

‘सौ. वहिनींना सा. न. वि. वि. यंदाचं कांडप २४ फेब्रुवारीपासून सुरू होत आहे. बेडगी आणि संकेश्वरी दोन्ही चांगल्या आल्या आहेत. तुमचा मसाला आमच्या वहीत लिहिलेला आहे. यायच्या आधी वार आणि वेळ फोनवर सांगा, तेवढा वेळ डंक तुमच्यासाठी मोकळा ठेवू. मिरची देठ काढून, कडक वाळवून आणलीत तर त्याच दिवशी डबा घेऊन जाल. घरी सर्वांना नमस्कार.’

पाकिटात हेच, आणि खाली त्यांच्या पानावरचं प्रमाण व शेरे, जसेच्या तसे. ‘वेळ मोकळा ठेवू’ हे वाक्य मी घालायला लावलं, आणि नंतर कळलं की लोकांनी सगळ्यात जास्त त्याबद्दलच विचारलं. आमच्याकडे एप्रिलमध्ये रांग लागते, नोकरी करणाऱ्या बायका दोन तास उभ्या राहू शकत नाहीत. काही पाकिटांत कांडपावर किलोमागे थोडी सूट असल्याचंही लिहिलं होतं. तिचं नाव फार कुणी काढलं नाही.

हाताने साडेतीनशे कार्डं लिहिणं हे थकवणारं काम आहे, ते कमी समजू नका. एका बैठकीत तीस-चाळीसच्या वर गेलं की अक्षर बिघडतं आणि पत्ते चुकायला लागतात. पत्ता एकाने लिहावा, दुसऱ्याने यादीशी ताडून बघावा. पाठवणाऱ्याचा पत्ता प्रत्येक पाकिटावर लिहाच. न पोचलेलं पाकीट त्यामुळे आपल्याकडे परत येतं, आणि परत आलेलं पाकीट म्हणजेही माहितीच.

१० फेब्रुवारीला, सोमवारी, सगळा गठ्ठा पोस्टात दिला. पेटीत कोंबू नका. पिनप्रमाणे वेगवेगळे गठ्ठे करून, रबर लावून, काउंटरवर द्या. त्यांचंही काम हलकं होतं. त्यात दोन पत्रं मी आमच्याच घरच्या आणि माहेरच्या पत्त्यावर टाकली होती. पत्रं कधी पोचतात ते कळायला दुसरा उपाय नाही. आमच्या घरचं तिसऱ्या दिवशी आलं, माहेरचं, ठाण्याला, पाचव्या दिवशी. साध्या टपालाचा माग काढता येत नाही, तेव्हा हे दोन पत्ते यादीत ठेवायलाच हवेत.

ते चार-पाच दिवस माझे फार अस्वस्थ गेले. पैसे थोडे होते, पण इतक्या घरांच्या दारात आपण आपलं नाव घेऊन गेलोय आणि ते काय म्हणतील याची धाकधूक होती. पहिला फोन गुरुवारी दुपारी आला. कुणी काकू होत्या, त्यांनी नाव न सांगताच बोलायला सुरुवात केली, “अहो, तुमचं कार्ड आलं! हाताने लिहिलेलं कार्ड घरात येऊन किती वर्षं झाली.” मसाल्याचं बोलणं त्यांनी शेवटी काढलं.

मग पाकिटं परत यायला लागली. काहींवर ‘पत्ता अपुरा’, काहींवर ‘सोडून गेले’. यातली बरीचशी एकाच कारणाने. डोंबिवलीत जुन्या चार मजली इमारती पाडून पुनर्विकास चाललाय. लोक तीन-तीन वर्षं भाड्याच्या घरात राहतात आणि परत येतात तेव्हा इमारतीचं नावही बदललेलं असतं. आमच्या भागातल्या पोस्टमनदादांना मी थांबवून विचारलं. त्यांना तोंडपाठ होतं, कोणती इमारत कधी खाली झाली आणि कोणती पुढच्या वर्षी होणार. कोण कुठे गेलं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि ते बरोबरच आहे. पण या इमारतींतल्या लोकांना तूर्त पत्र पाठवू नका, एवढं कळलं. यादीत ‘पुनर्विकास’ असा रकाना वाढवला आणि ताबा मिळण्याचं वर्ष टाकायला सुरुवात केली. ही मंडळी नवीन घरात परत येतील तेव्हा त्यांना पत्र जाईल, आणि नव्या घरात पहिला मसाला करायचाच असतो.

एक फोन असा आला की मी पुढचा सगळा दिवस गप्प होते. एका ताईंचा. त्यांची आई आमच्याकडे खूप वर्षं यायची. आई आदल्या पावसाळ्यात गेली, आणि पाकीट आईच्या नावाने आलं होतं. मी काय बोलावं मला सुचेना. त्या मात्र शांतपणे म्हणाल्या, “आईने कधी मोजून सांगितलंच नाही हो. हाताच्या अंदाजाने घालायची. हे तुमच्याकडे लिहिलेलं होतं?” मार्चमध्ये, मुलाची दहावी संपल्यावर, त्या नवऱ्याला घेऊन आल्या. सासूबाईंनी वही त्यांच्यापुढे ठेवली. शेवटी शेरा होता, ‘पाव किलो वेगळा, धाकटीसाठी, तिखट कमी.’ त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, धाकटी म्हणजे मी. पानाचा फोटो काढून घेतला, एक किलो मसाला केला आणि भाजताना कढईपाशीच उभ्या राहिल्या. तेव्हापासून आम्ही पाकिटावर एका माणसाचं नाव न लिहिता घराचं आडनाव आणि पुढे ‘आणि परिवार’ असं लिहितो. आणि असा फोन आला की यादीतला बदल त्याच दिवशी करायचा, उद्यावर टाकायचा नाही.

२४ फेब्रुवारीला डंक सुरू झाले. महाशिवरात्रीच्या आठवड्यात फारसं कुणी नव्हतं, होळीपर्यंत हलकंच चाललं. दहावीची परीक्षा १७ मार्चला संपली आणि त्यानंतर एकदम गर्दी. येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही एकच विचारायचो, पत्र मिळालं का? यादीत ‘का’ किंवा ‘पा’ पुढे खूण. जे गेल्या हंगामात येऊन गेले होते ते बहुतेक पत्राशिवायही आले असते, तेव्हा तो आकडा धरण्यात अर्थ नाही. बघायचे ते जुने, तुटलेले. त्यांतल्या कार्डवाल्यांपैकी दहातलं एखादं घर आलं असेल. प्रमाणाचं पाकीट ज्यांना गेलं, त्यांतलं चारातून एक घर आलं. कितीतरी जणी पाकिटातला कागद घडी घालून पर्समध्ये घेऊन आल्या आणि काउंटरवर उलगडून ठेवला, जणू डॉक्टरांची चिठ्ठीच.

न आलेल्यांना दुसरं पत्र पाठवायचं की नाही, यावर घरात चर्चा झाली. नवऱ्याचं मत होतं, पुरे. सासूबाई म्हणाल्या, पावसाळ्याआधी एकदा. चौदा एप्रिलची सुट्टी उलटल्यावर, १५ तारखेला, पाकिटं परत न आलेल्या आणि नको न म्हटलेल्या घरांना फक्त एक पोस्टकार्ड टाकलं: ‘मिरची वाळवायला एप्रिलचं ऊन चांगलं आहे, मेच्या अखेरीस गर्दी फार होते, त्याआधी या.’ दोनच वाक्यं. आणि २०२५ मध्ये ते फार कामाला आलं, कारण मेच्या पहिल्या आठवड्यातच वळवाचे पाऊस सुरू झाले आणि २६ मेला मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला, इतक्या लवकर की तशी नोंद तोवर नव्हती. गच्च्यांवर मिरच्या वाळत घातलेल्यांची धांदल उडाली. ओलसर मिरची डंकात घातली तर मसाला चिकटतो आणि महिन्यात बुरशी धरतो. आम्ही ती घेतच नाही, भट्टीवर भाजून सुकवून द्यावी लागते. ज्यांनी एप्रिलमध्ये येऊन घेतलं त्यांनी जूनमध्ये आवर्जून फोन करून बरं झालं म्हणून सांगितलं.

आता खर्च. पोस्टकार्डं दोन्ही वेळची मिळून अडीचशे रुपयांच्या आसपास. पाकिटांचा तिकिटांसह, कागद आणि छपाईसकट (पाकिटातला वरचा मजकूर झेरॉक्स, प्रमाण हाताने) दोन हजारांच्या थोडा वर. पेनं, रबरं, फोन, किरकोळ. सगळं तीन हजारांच्या आत बसलं. पाच किलोची चार-पाच जुनी घरं परत आली की मिरची, खडा मसाला आणि कांडप मिळून एवढे पैसे सुटतात, आणि त्याहून बरीच जास्त घरं परत आली. पण यात आमच्या रात्री धरलेल्या नाहीत. मजुरी देऊन लिहून घ्यायचं झालं तर हिशेब वेगळा होईल, आणि मला वाटतं पत्रसुद्धा वेगळं होईल.

ज्यांच्याकडे अशी वही नाही त्यांनी काय करावं, असं मला एका शिंप्याने विचारलं. त्याच्याकडे मापांची वही असतेच की. चष्म्याच्या दुकानात नंबर असतो, गॅरेजवाल्याकडे ऑइल कधी बदललं ते असतं, रोपवाटिकेत कोणी कोणतं कलम कधी नेलं ते असतं. गिऱ्हाइकाबद्दलची जी गोष्ट आपण त्याच्यासाठी लिहून ठेवलेली आहे, तीच त्याला कळवावी. आमच्याकडे हंगामात नवीन आलेल्या प्रत्येकाचं पान आता पहिल्याच दिवशी निघतं, त्यावर पूर्ण पत्ता, पिन आणि ‘पत्र पाठवलं तर चालेल का’ याचं हो-नाही तिथेच लिहून घेतो.

दोन्ही पत्रांना उत्तर न आलेली घरं यंदा यादीतून बाजूला काढली. त्यांना पुन्हा पत्र जाणार नाही, त्यांचं पान मात्र वहीत राहील. पुढच्या हंगामात तुटलेल्या सगळ्यांना पाकीटच पाठवायचं, कार्ड फक्त नेहमीच्या घरांना. टपालाचे दर बदलतात, तेव्हा काही छापायला टाकण्याआधी मजकुराचा नमुना हातात घेऊन काउंटरवर दाखवा आणि त्याला किती तिकीट लागेल ते विचारा. पोस्टकार्डांची मागणी मी या वेळी नोव्हेंबरातच नोंदवणार आहे, म्हणजे संक्रांतीपर्यंत ती हातात येतील आणि सासूबाईंना दिवसा, उजेडात बसून लिहिता येईल.